व्यायामशिक्षकाची शिकवणी



वार्षिकाच्या संपादकांनीं "व्यायामावर कांहींतरी लिहा" अशी आज्ञा केली, तेव्हां प्रथम माझ्या मनांत आलें कीं, या विषयावर आतां नवें तें काय सांगावयाचें? व्यायामानें शरीर निरोगी राहतें, भूक लागते, झोंप येते, मन प्रसन्न होतें, हें आमच्या शाळेंतील पांचवीचा विद्यार्थीसुद्धां निबंधांत अचूक लिहितो आणि दहापैकीं आठ गुण मिळवितो. परंतु तोच विद्यार्थी, सकाळीं आईनें हांक मारली म्हणजे पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो. तात्पर्य, अडचण ज्ञानाची नाहीं. अडचण आहे ती अंथरुणांतून पाय बाहेर काढण्याची. तो पाय बाहेर काढण्याची इच्छा माणसाच्या ठायीं कोठून येते, ती दुसऱ्यास देतां येते काय, आणि ती दुसऱ्यास देण्याचें काम जो पत्करतो त्याची स्वतःचीच इच्छा आटली तर त्यानें काय करावें, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे. हें सांगतांना मला माझी एक लाजिरवाणी गोष्ट उघड करावी लागणार आहे. पण मुलांना खरें बोलण्यास शिकविणाऱ्या शिक्षकानें आपली चूक झांकून ठेवणें बरें नव्हे.

मी मिशनच्या वसतिगृहांत वाढलों. तेथें आम्हांस कवाईत शिकविणारे एक वृद्ध गुरुजी होते. पहाटेची घंटा होण्यापूर्वींच ते मैदानावर येत, हातांत खराटा घेत, आणि आम्ही जेथें धांवणार तेवढा पट्टा स्वतः झाडून काढीत. कांटा किंवा कांच कोणाच्या पायांत जाऊं नये म्हणून ते तसें करितात, असें आम्ही समजत असूं. नंतर ते आमच्या रांगेंतच उभे राहून आमच्याबरोबर जोर-बैठका काढीत. शिट्टी त्यांच्यापाशीं नव्हतीच. त्यांच्या त्या झाडण्याला दुसराहि एक अर्थ होता; पण तो कळावयास मला वयाची चाळिशी उलटावी लागली.

कॉलेजांत असतांना मी लांब पल्ल्याच्या शर्यतींत धांवत असें. त्या पुण्याईवर, शाळेंत मराठी शिकविण्याच्या कामाबरोबरच, सकाळच्या व्यायामवर्गाची जबाबदारीहि मजकडे आली. वर्ग विद्यार्थ्यांचा, पण ज्या पालकांना यावेसें वाटे त्यांनाहि मोकळीक होती. कित्येक वर्षें हा वर्ग उत्तम चालला. पुढें सन २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या. मैदानावर गवत वाढलें, आणि शिक्षकाच्या अंगावर चरबी वाढली. आज नाहीं, उद्यां, असें म्हणतां म्हणतां दोन वर्षें गेलीं. सन २०२२ च्या जूनमध्यें वर्ग पुन्हां सुरू झाला, तेव्हां माझें वजन १४ किलोंनीं वाढलेलें होतें, आणि रक्तांतील साखर मधुमेहाच्या उंबरठ्याशीं आली आहे, असें डॉक्टरांनीं मला बजावलें होतें. ही गोष्ट मीं घरच्यांखेरीज कोणासहि सांगितली नाहीं. मग मीं काय केलें? गळ्यांत शिट्टी अडकविली, मैदानाच्या पायऱ्यांवर उभा राहिलों, आणि इतरांस धांवावयास लावूं लागलों.

पहिल्या आठवड्यांत ३८ जण आले; महिन्याअखेर १७ उरले. प्रथम मीं व्याख्यानें दिलीं. तीं सर्वांनीं शांतपणें ऐकलीं, आणि दुसऱ्या दिवशीं आणखी दोघे कमी झाले. नंतर मी रागें भरूं लागलों. तेंहि व्यर्थ गेलें. शेवटीं बक्षिसांची युक्ति काढली. महिनाभर एकहि दिवस न चुकणाऱ्यास पितळी बिल्ला, आणि तीन बिल्ले मिळविणाऱ्यास पुस्तकांचा संच! उपस्थिति एकदम ५० च्या वर गेली. सर्वांनीं माझी पाठ थोपटली, आणि मलाहि वाटलें कीं, गुरुकिल्ली सांपडली. पण दिवाळीबरोबर बक्षिसांसाठीं जमविलेले पैसे संपले, बिल्ले बंद झाले, आणि पंधरा दिवसांत मैदानावर ११ मुलें राहिलीं. याहून मनाला झोंबली ती गोष्ट निराळीच. बिल्ल्यांच्या पूर्वीं जीं मुलें केवळ आनंदासाठीं येत असत, त्यांतलींहि कांहीं आतां येईनाशीं झालीं. एकास कारण विचारलें, तेव्हां तो निष्कपटपणें म्हणाला, "सर, आतां बिल्ला मिळत नाहीं ना!"

याचा उलगडा मला पुढें वाचनांत झाला. सन १९७३ मध्यें अमेरिकेंतील मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनीं बालवाडींतील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या मुलांस चित्रें काढण्याची मूळचीच आवड, अशीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना "चित्र काढा म्हणजे बक्षीस देऊं" असें आधीं सांगून बक्षीस दिलें. कांहींना न सांगतां अवचित दिलें. कांहींना मुळींच दिलें नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं पाहतात तों, आधीं ठरवून बक्षीस मिळालेलीं मुलें इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रें काढीत होतीं! खेळ होता त्याचें काम झालें, आणि मजुरी थांबतांच हातहि थांबले. माझ्या बिल्ल्यांनीं हेंच केलें होतें.

परंतु बिल्ल्यांची चूक बुद्धीची होती. त्याच हिवाळ्यांत माझ्या हातून जी दुसरी चूक घडली, ती मनाची होती. आठवींतील एक स्थूल देहाचा मुलगा धांवण्यांत नेहमीं मागें राही. एके सकाळीं तो फेरी पुरी न करितां मध्येंच थांबला. मी पायऱ्यांवरून ओरडलों, "अरे, तुझ्या आधीं बैलगाडी पोंचेल!" सर्व मुलें हंसलीं. मीहि हंसलों. तोसुद्धां थोडासा हंसला. आणि दुसऱ्या दिवसापासून यावयाचा बंद झाला. मी हजेरीच्या वहींत त्याच्या नांवापुढें फुल्या मारीत राहिलों. आठवड्यानें त्याच्या आईनें वर्गशिक्षिकेस निरोप पाठविला कीं, मुलगा रोज सकाळीं पोटांत दुखतें म्हणून निजून राहतो, आणि शाळेंत येण्यासहि कांकूं करितो. तें ऐकून माझ्या काळजांत चर्र झालें. शनिवारीं संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों.

वडील एस.टी.चे चालक. रात्रीच्या गाडीवर जावयाचें म्हणून ते गणवेश घालून बसले होते. मुलगा मला पाहतांच आंतल्या खोलींत गेला. चहा झाला. वडिलांपुढें मीं व्यायामाचें महत्त्व सांगावयास सुरुवात केली, संवयच ती! त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगतां तें खरं आहे. मी स्वतः दिवस-रात्र बसून असतों. कंबर धरते, गुडघे बोलतात. पण पोरगा एक म्हणत होता, तें सांगूं का? राग मानूं नका. तो म्हणाला, 'बाबा, सर कुठं पळतात? सर नुसती शिट्टी वाजवतात.'"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण मीं वर्गांत कितीदां समजावून दिली असेल! ती मलाच समजावून सांगण्यासाठीं आठवींतला एक मुलगा लागला. मीं वडिलांना माझ्या वाढलेल्या साखरेची हकीकत सांगितली, आणि दारावरच्या पडद्याआड उभ्या असलेल्या त्या मुलास उद्देशून म्हटलें, "बाळ, माझें चुकलें. मला क्षमा कर." पडदा हलला नाहीं.

त्या रात्रीं प्रार्थनेस बसलों असतां संत पौलाचा तो विचार माझ्यापुढें उभा राहिला कीं, माणसाचें शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर होय. रविवारच्या शाळेंत हा धडा मीं अनेक वेळां दिला होता. ज्या मंदिराची थोरवी मी इतरांस सांगत होतों, त्याच्या दाराशीं मीच केर सांचूं दिला होता.

सोमवारीं मीं शिट्टी घरीं ठेवली. चूक चारचौघांत केलेली, तेव्हां क्षमाहि चारचौघांतच मागावयास हवी होती. जमलेल्या ११ मुलांपुढें मीं ती मागितली, आणि धांवावयास लागलों. फाटकापासून कडुलिंबापर्यंत गेलों न गेलों तोंच छाती भात्यासारखी हालूं लागली, आणि मी झाडाला हात टेकून उभा राहिलों. एकहि मूल हंसलें नाहीं. तो मुलगा त्या दिवशीं आला नाहीं, मंगळवारींहि नाहीं. गुरुवारीं मात्र वडिलांचें बोट धरल्यासारखा, खालीं मान घालून आला. मी कांहीं बोललों नाहीं. आम्ही तिघे कडुलिंबापर्यंत चालत गेलों आणि परत आलों.

व्यायामशिक्षकानें असें अडून बसण्याचा प्रसंग जगांत मजवरच प्रथम आला होता असें नाहीं. सन १८९१ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ नांवाचा एक तरुण शिक्षक होता. तो मूळचा कॅनडाचा, आणि धर्मशास्त्राचें शिक्षण घेऊन व्यायामाच्या क्षेत्रांत आलेला. बाहेर बर्फ असल्यामुळें त्याच्या वर्गास घरांत कवाईत करावी लागे, आणि त्या रुक्ष कवाइतीला सारे तरुण कंटाळले होते. आधींचे शिक्षक त्यांच्यापुढें हात टेकून गेले होते. नेस्मिथनें विद्यार्थ्यांस आळशी म्हटलें नाहीं. त्यानें व्यायामच बदलला. सज्जाच्या दोन टोकांस पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम कागदावर लिहून भिंतीस लावले, आणि १८ जणांच्या दोन तुकड्या करून हातीं चेंडू दिला. तेंच आजचें बास्केटबॉल! आमच्या मैदानाच्या कडेस जे दोन गंजलेले खांब उभे आहेत, ते एका कंटाळलेल्या वर्गाचें आणि एका समंजस शिक्षकाचें स्मारक आहे, हें मीं त्या दिवसापर्यंत मुलांना कधीं सांगितलें नव्हतें.

मग मींहि विचारावयास आरंभ केला, "तुम्हांला काय करावेसें वाटतें?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मुलांनीं खो-खो आणि लंगडी मागितली. मुलींनीं दोरीच्या उड्या मागितल्या. आयांनीं धांवण्यास साफ नकार दिला. परंतु त्यांतील एकीनें फुगडीचें नांव काढतांच सर्वांच्या चेहऱ्यांवर माहेर उमटलें, आणि पांच मिनिटांत त्यांना जो घाम आला, तो माझ्या कवाइतीनें महिनाभरांत आला नव्हता. चालकसाहेब म्हणाले, "आपल्याला चालूं द्या." मीं त्यांना सांगितलें कीं, सन १९५३ मध्यें जेरी मॉरिस या डॉक्टरांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां दिवसभर जिने चढउतर करणाऱ्या वाहकांमध्यें हृदयविकाराचें प्रमाण कमी आढळलें. ते हंसून म्हणाले, "म्हणजे आमच्या कंडक्टरचं नशीब चांगलं!" जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२० मध्यें प्रौढांस आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, हें ऐकल्यावर त्यांनीं मनांतल्या मनांत हिशेब केला आणि म्हणाले, "रोजचीं बावीस मिनिटं झालीं. एवढा वेळ तर माझा टपरीवर जातो."

आणखी एक फेरफार मीं केला. हजेरीची वही बाजूस सारून प्रत्येकास स्वतःची वही ठेवावयास सांगितलें. तींत शेजाऱ्याशीं तुलना करावयाची नाहीं. कालच्या आपणाशीं करावयाची. त्या मुलाच्या वहींत पहिली ओळ 'कडुलिंबापर्यंत, चालत' अशी आहे. पुढें 'कडुलिंबापर्यंत, पळत'. मग 'टांकीपर्यंत'. फेब्रुवारीच्या एका पानावर नुसतें 'पूर्ण फेरी' असें लिहून त्याखालीं दोन रेघा ओढल्या आहेत. त्या दोन रेघांची बरोबरी करील असा बिल्ला मला कोठें मिळाला असता?

मधून मधून दिवस चुकत. चुकला कीं पुष्कळांस वाटे, आतां सर्व बुडालें. त्यांच्यासाठीं एक माहिती देतों. लंडन येथील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं सन २००९ मध्यें संवयींविषयीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी गोष्ट अंगवळणी पडावयास साधारणतः ६६ दिवस लागले. पण कोणास १८ पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडलें नाहीं. म्हणून, ज्याला लवकर जमतें त्यानें उशीर लागणाऱ्यास हंसूं नये; आणि पडणाऱ्यानें पडलेलें राहूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. शिक्षकानें आपली इच्छा कोठून आणावी? याचें उत्तर मला सन २०२३ च्या जुलैमध्यें एका पावसाळी पहाटे मिळालें. रात्रभर पाऊस कोसळत होता. मी जागा झालों, खिडकींतून पाहिलें, आणि, खरें सांगतों, मला आनंद झाला. आज कोण येतो! पुन्हां पांघरूण ओढलें. इतक्यांत आठवलें कीं, 'उद्यां येतों' असें चालकसाहेबांनीं काल सांगितलें होतें. रात्रीची गाडी आणून कदाचित् आलेच, आणि फाटक बंद असलें तर? नाइलाजानें उठलों, छत्री घेतली, आणि चडफडत शाळेकडे निघालों. फाटकापाशीं खाकी गणवेशांत, डोक्यावर पिशवी धरून ते भिजत उभे होते.

मी म्हणालों, "अहो, रात्रभर गाडी चालवून आलांत, सरळ घरीं जाऊन झोंपावयाचें!"

ते म्हणाले, "तेंच करणार होतों. पण म्हटलं, सर वाट बघत असतील."

म्हणजे मी त्यांच्यासाठीं उठलों होतों, आणि ते माझ्यासाठीं आले होते. व्यायामाची इच्छा आम्हां दोघांपैकीं एकालाहि नव्हती! आम्ही व्हरांड्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस मिनिटें चाललों, आणि तेवढ्यांत ती इच्छाहि मागाहून भिजत भिजत येऊन पोंचली. त्या दिवसापासून मी तिची वाट पाहत बसत नाहीं. ती पुढें चालणारी मालकीण नव्हे. मागून येणारी सोबतीण आहे. पाय आधीं निघतात, मन मागून येतें. आणि पाय निघावयास पुष्कळदां एवढेंच पुरतें कीं, कोणीतरी फाटकाशीं उभें आहे.

वाचकांनीं असें समजूं नये कीं, सर्व कांहीं सुरळीत झालें. वर्ग कधीं ४० चा होतो, कधीं १५ चा. माझ्या रागामुळें आणि बिल्ल्यांमुळें जे गेले, त्यांतील कित्येक परत आले नाहींत. ती उणीव माझ्या नांवावर आहे. माझें वजन १४ पैकीं ९ किलोंनीं उतरलें आहे. साखर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं आटोक्यांत आहे, पण पथ्य सुटलेलें नाहीं. तो मुलगा आजहि अंगानें थोराडच आहे. मात्र लहान मुलांच्या रांगेंत जो सर्वांत मागें राहतो त्याच्या शेजारून तो सावकाश धांवतो, आणि त्याला सोडून पुढें जात नाहीं. हें त्याला मीं शिकविलेलें नाहीं.

पालकहो, "दहावीचें वर्ष आहे, व्यायामास वेळ कोठला?" असें आपण मला विचारतां. ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें हालचाल हवी, असें वर सांगितलेल्या संघटनेचेंच म्हणणें आहे. तथापि मी आपणांस आंकडे दाखवून वळवूं इच्छीत नाहीं. त्याचा उपयोग किती होतो, हें मीं पाहिलें आहे. आपण मुलास "जा" असें म्हणूं नका. "चल" असें म्हणा. विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही एकटे उठूं शकत नसाल तर लाजूं नका. एका मित्रास शब्द द्या, आणि त्याचा शब्द घ्या. तेवढ्यानें दोघेहि उठाल.

वसतिगृहांतील गुरुजी पहाटे मैदान कां झाडीत, हें आतां मला कळतें. कांटे तर ते वेंचीतच. पण त्यांनाहि थंडी वाजत असेल, त्यांचेंहि अंग दुखत असेल, त्यांनाहि कित्येक दिवशीं उठूं नये असें वाटत असेल. मुलें अनवाणी धांवणार आहेत, एवढी एक गोष्ट त्यांना उठवीत असे; आणि झाडून होईपर्यंत त्यांचें अंग ऊबदार झालेलें असे. आमच्यासाठीं धांवणें त्यांच्या हातीं नव्हतें. आमची वाट झाडणें त्यांच्या हातीं होतें. तेवढें त्यांनीं केलें, आणि त्यांतच त्यांना त्यांचें बळ मिळालें.

गेल्या वर्षीं मीं बाजारांतून एक खराटा आणला आहे. प्रभु आपणां सर्वांच्या देहमंदिरांस आरोग्य देवो, आणि मनांस चिकाटी देवो. उद्यां सकाळीं सहा वाजतां फाटक उघडें असेल. मी तेथें असेन. पण कृपा करून तुम्हीहि या, म्हणजे मला यावेंच लागेल.